जिच्यावरून भांडण झालं, तिची गोष्ट

देवळात उदबत्ती लावायला गेलेल्या एका बाईची वाट एक धनवान तरुण अडवतो. तिची दासी धावत जाऊन नवऱ्याला बोलावून आणते. नवरा साधासुधा नाही. चीनच्या राजधानीतल्या शाही फौजेला शस्त्रं चालवायला शिकवणारा तो लिन चोंग. तो तरुणाचा खांदा धरून त्याला वळवतो, मूठ उगारतो, आणि चेहरा दिसताच त्याचा हात ढिला पडतो. समोर लष्करप्रमुख गाओ च्यूचा मानलेला मुलगा उभा असतो.

चीनमधल्या सगळ्यात गाजलेल्या दरोडेखोरांच्या कादंबरीतला हा प्रसंग आहे. पुढचं सगळं याच्यातून घडतं. लिन चोंगवर खोटा आरोप येतो, गालावर गुन्हेगाराची खूण गोंदली जाते, तो हद्दपार होतो, वाटेत त्याला मारण्याचा डाव रचला जातो. अखेर तो लियांगशान नावाच्या डोंगरावर, दलदलीच्या वेढ्यात राहणाऱ्या बंडखोरांना जाऊन मिळतो. चिनी भाषेत ‘लियांगशानवर जायला भाग पाडणं’ हा वाक्प्रचारच झाला. अन्याय सोसता सोसता माणसाला बंडाखेरीज वाट उरत नाही, असा त्याचा अर्थ.

आणि ती बाई? हद्दपार होताना नवरा तिला काडीमोडाचा कागद लिहून देतो. पुढे लियांगशानवर जम बसल्यावर तो तिला आणायला माणसं पाठवतो, तेव्हा कळतं की गाओ घराण्याच्या छळाला कंटाळून तिने सहा महिन्यांपूर्वीच गळफास घेतला. मूळ कादंबरीत तिला स्वतःचं नावही नाही. ती ‘लिनची बायको’ आहे.

शाळेत मराठी व्याकरण शिकवताना मास्तर विचारत, वाक्यातला कर्ता कोण आणि कर्म कोण? गोष्टींनाही हा प्रश्न विचारता येतो. या चिनी गोष्टीत छळ झाला बायकोचा, कर्ता ठरला नवरा. तिच्यावरून भांडण झालं, पण भांडणारे दुसरेच. जगातल्या कितीतरी थोर कथा अशाच बेतलेल्या आहेत, आणि त्या नव्याने सांगणाऱ्या बायकांनी पहिला हात घातला तो याच जागी. चीनच्या दलदलीपासून मावळातल्या जात्यापर्यंत आणि चाकणच्या कांद्याच्या शेतापर्यंत हा धागा येऊन पोचतो.

एकशे आठ वीर, त्यांत तीन बाया

कादंबरीचं चिनी नाव ‘शुईहू झ्वान’, म्हणजे पाणथळीच्या काठची कहाणी. चौदाव्या शतकातल्या शी नाय-आन या लेखकाच्या नावावर ती सांगितली जाते. काही जण त्याच्या जोडीला लुओ ग्वानझोंगचं नाव घेतात. कथेचा काळ त्याही आधीचा, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा, सोंग घराण्यातल्या ह्वेईझोंग सम्राटाच्या कारकिर्दीतला. सोंग जियांग नावाचा बंडखोर पुढारी इतिहासात खरोखर होऊन गेला. त्याच्याभोवती शतकानुशतकं कथेकऱ्यांनी कहाण्या विणल्या, नाटकं झाली, आणि त्यातून ही कादंबरी घडली. तिची रूपंही अनेक. कुठे १०० प्रकरणं, कुठे १२०. जिन शेंगतान या टीकाकाराने १६४१ मध्ये शेवटचा मोठा भाग कापून टाकला आणि बंडखोर एकत्र जमतात तिथेच कथा संपवली.

इंग्रजी वाचकांपर्यंत ती पोचवण्यात ‘द गुड अर्थ’च्या लेखिका पर्ल बक यांचा मोठा वाटा. १९३३ मध्ये त्यांनी केलेला अनुवाद ‘ऑल मेन आर ब्रदर्स’ या नावाने निघाला. कथेचा गाभा खरंच बंधुभावाचा आहे. लियांगशानवर जमलेले १०८ जण म्हणजे पृथ्वीवर उतरलेले १०८ तारे. ३६ आकाशाचे, ७२ धरतीचे. ते एकत्र बसून दारू पितात, मांस खातात, एकमेकांसाठी जीव देतात. भ्रष्ट अधिकाऱ्यांना लुटतात.

त्या १०८ जणांत बाया तीन. गू दासाओ हिचं टोपणनाव वाघीण. सुन अर्न्यांग हमरस्त्यावर खाणावळ चालवते, आणि येणाऱ्या वाटसरूंना गुंगीचं औषध पाजून त्यांच्या मांसाची पुरणं भरते. तिच्या टोपणनावातला ‘येछा’ हा शब्द आपल्या ‘यक्ष’ शब्दाचा चिनी अवतार आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर तो तिकडे गेला.

तिसरी हू सान्न्यांग. दोन तलवारी घेऊन घोड्यावरून लढणारी ही तरुणी कादंबरीत प्रथम येते ती बंडखोरांच्या विरुद्ध बाजूने. वांग यिंग नावाच्या लंपट, बुटक्या दरोडेखोराला ती रणात जिवंत पकडते. पुढे लिन चोंग तिला पकडतो. तिच्या घराण्याने शरणागती पत्करलेली असतानाही ली क्वेई हा बंडखोर तिच्या घरच्यांची कत्तल करतो. त्यानंतर म्होरक्या सोंग जियांग तिचं लग्न लावून देतो ते त्याच वांग यिंगशी, ज्याला तिने रणात हरवलं होतं. सोंग जियांगने वांग यिंगला बायको मिळवून देण्याचा शब्द दिलेला असतो, तो पाळला जातो. ज्यांनी आपलं घर संपवलं त्यांच्यासाठी ती पुढे लढत राहते, आणि कादंबरी तिच्या तोंडी त्याबद्दल एक वाक्यही घालत नाही.

बाकीच्या बायकांचं काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. नवऱ्याला विष देणारी पान जिनल्यान दिराच्या हातून मरते. सोंग जियांगला धमकावणारी यान पोशी त्याच्याच हातून मरते. बेइमान बाई मेली की वीराची वाट मोकळी होते, अशी ही रचना आहे. कादंबरीची ताकद कुणी नाकारू नये. सत्तेपुढे मान न झुकवणाऱ्या साध्या माणसांना इतक्या आधी इतक्या थाटात नायक करणारी कृती जगात विरळी. म्हणूनच तिच्यातली ही फट जास्त बोचते. अन्याय ओळखण्यात एवढी तरबेज असलेल्या कथेला घरातला अन्याय दिसला नाही.

शस्त्रशिक्षिका लिन चोंग

२०२३ मध्ये अमेरिकेत एस. एल. ह्वांग यांची ‘द वॉटर आउटलॉज’ ही कादंबरी आली. ह्वांग यांची ओळख सांगितली की पुस्तकाचा पोत समजतो. त्यांनी एमआयटीमधून गणिताची पदवी घेतली, हॉलिवूडमध्ये स्टंट केले, चित्रपटांच्या सेटवर शस्त्रं हाताळण्याची जबाबदारी सांभाळली, आणि २०२० मध्ये लघुकथेसाठी ह्यूगो पुरस्कार मिळवला. तलवारीचं वजन मनगटाला कसं जाणवतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

त्यांनी केलेला मुख्य बदल एका वाक्यात सांगता येतो. लिन चोंग बाई आहे. शाही फौजेची शस्त्रशिक्षिका. नियम पाळणारी, चौकटीत राहून स्वतःच्या हिमतीने वर चढलेली. गाओ च्यू तिच्याच अंगावर हात टाकतो, ती नकार देते, आणि राजद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली तिला तुरुंगछावणीकडे धाडलं जातं. जिचा छळ होतो आणि जी डोंगराकडे वळते, त्या दोघी इथे एकच आहेत. नवऱ्याच्या अपमानातून फिरून यावं लागणारी वाट सरळ झाली.

एवढ्याशा बदलाने कथेचं सगळं वजन हलतं. मूळ गोष्टीत लिन चोंगची मूठ ढिली पडते ती वरिष्ठाच्या भीतीने. नव्या गोष्टीत वरिष्ठच समोर आहे, दार बंद आहे, आणि बाहेर येऊन सांगितलं तरी ऐकणार कोण, हा प्रश्न आहे. एकविसाव्या शतकातल्या कुठल्याही कचेरीत काम करणाऱ्या बाईला त्यासाठी तळटीप लागत नाही.

ह्वांग यांच्या लियांगशानवर बहुतेक सगळ्या बायाच आहेत, आणि स्त्री-पुरुषाच्या ठराविक साच्यात न बसणारी माणसंही. सोंग जियांग तिथे कवयित्री आहे. राजधानीतली विदुषी लू जुनयी हीही बाई, लिन चोंगची जुनी मैत्रीण. अद्भुताचा भाग येतो तो ‘देवाचा दात’ म्हटल्या जाणाऱ्या खड्यांमधून. ते बाळगणाऱ्याला विलक्षण शक्ती मिळते. सत्तेतल्या छाय जिंगला याच शक्तीतून साम्राज्यासाठी शस्त्र घडवायचं आहे, आणि त्या कामाला तो लू जुनयीला जुंपतो. एकीकडे कायदा मोडणाऱ्या बाया, दुसरीकडे कायद्याच्या नावाखाली महाभयंकर शस्त्र तयार करणारी सत्ता. यात गुन्हेगार कोण, हे ठरवायचं काम वाचकाकडे येतं.

पुस्तकाची आणखी एक गोष्ट मोलाची आहे. लेखिकेने या बायांना देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. त्या लुटतात, मारतात, चुकतात, आणि लिन चोंगला त्यांची हिंसा सहज पचत नाही. केवळ पुरुषाच्या जागी बाई ठेवली आणि बाकी सगळं तेच ठेवलं, तर पुनर्कथनाला अर्थ उरत नाही. इथे वेगळं काय झालं, तर प्रत्येक वाराचा हिशोब मागितला गेला.

लिंग बदलून ही कथा सांगण्याची कल्पना मात्र नवी नाही. जपानमध्ये क्योकुतेई बाकिन या लोकप्रिय लेखकाने १८२५ पासून ‘केइसेई सुइकोदेन’ ही मालिका लिहिली. तिच्यात लियांगशानच्या वीरांच्या जागी वीरांगना होत्या. दहा वर्षं ती भागाभागाने निघत राहिली, वाचकांनी डोक्यावर घेतली, आणि अपुरीच राहिली. सुमारे २०० वर्षांपूर्वी एदो शहरातल्या वाचकांनाही या गोष्टीत बाया हव्या होत्या, एवढं त्यावरून दिसतं.

धामारीचा दरोडा

पुणे जिल्ह्याला दरोडेखोर-नायकाची गोष्ट परकी नाही. चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याने निघालं की शिरूर तालुका लागतो. आज हा रस्ता मालवाहू ट्रकांनी भरून वाहतो. याच तालुक्यातल्या धामारी गावावर फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी पहिला दरोडा घातला. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खनचा कणा मोडला होता. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करणाऱ्या फडक्यांनी गावोगाव फिरून ती उपासमार पाहिली होती. धामारीत सरकारी कराचा पैसा एका सावकाराघरी ठेवलेला होता, त्यावर हा हल्ला होता. सरकारदरबारी ते दरोडेखोर ठरले, लोकांच्या मनात आद्य क्रांतिकारक. जन्मठेपेच्या शिक्षेवर असताना १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या आधी, १८३२ मध्ये, पुरंदरच्या भिवडीचे उमाजी नाईक पुण्यात फासावर गेले होते. पुढे अण्णाभाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ लिहिली, ती १९५९ मध्ये आली. भुकेल्यांसाठी खजिना लुटणारा मांग वीर तिचा नायक. ‘शुईहू झ्वान’ वाचलेला चिनी वाचक वाटेगावच्या या माणसाला लगेच ओळखेल.

या गोष्टींमधल्या बाया कुठे आहेत? फडक्यांच्या चरित्रात गोपिकाबाई येतात. फडक्यांनी या आपल्या दुसऱ्या पत्नीला लिहा-वाचायला शिकवलं, घोड्यावर बसायला आणि शस्त्र चालवायलाही. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात ही सोपी गोष्ट नव्हती. म्हणजे शस्त्र शिकलेली बाई आपल्या इतिहासात प्रत्यक्ष होती. पण बंड उभं राहतं तेव्हा कथा फडक्यांबरोबर डोंगरात जाते आणि गोपिकाबाई मागे राहतात. त्या दिवसांत त्यांच्या मनात काय चाललं होतं, यावर मराठीत एखादी ताकदीची कादंबरी लिहिली जावी, इतका तो विषय मोठा आहे.

फडके ज्यांच्या तालमीत तयार झाले, त्या लहुजी वस्ताद साळवे यांच्या घराण्यातून एक वेगळीच बंडखोर पुढे आली. मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या शाळेतली विद्यार्थिनी. १८५५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. धर्माच्या नावाने चाललेल्या जुलमाला तिने थेट प्रश्न विचारले. पट्टा फिरवायला शिकवणाऱ्या तालमीचं घर आणि लेखणी हातात घेणारी ही मुलगी, दोन्ही एकाच पुण्यातली.

कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवणं म्हणजे काय, हे चिंचवडमध्येही पाहायला मिळतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कितीतरी समाजांतल्या मुलांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. लिन चोंगच्या गालावर एकदाच शिक्का उमटला. इथे तो पिढ्यान्पिढ्या उमटत राहिला. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा गेला, संशय मात्र मागे उरला. चिंचवडगावात गिरीश प्रभुणे यांनी उभारलेल्या ‘पुनरुत्थान समरसता गुरुकुलम्’मध्ये पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतली मुलं-मुली शिकतात. प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ज्यांच्या आज्यांना पोलीसपाटलाकडे हजेरी द्यावी लागे, त्या घरांतल्या मुली आता वर्गात पुस्तक उघडून बसतात.

जात्यावर उलटलेलं रामायण

गोष्टीचा कर्ता बदलण्याचं काम मराठी बायकांनी छापखाना येण्याच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं. त्यांचं साधन होतं जातं.

पहाटेचा पहिला प्रहर. घरातले पुरुष झोपलेले. दोघी जणी जात्याला बसतात, खुंटा एकमेकींच्या हातात, आणि दगडाच्या फेऱ्याच्या लयीत ओवी सुरू होते. ऐकायला तिसरं कुणी नाही, म्हणून दिवसा बोलता न येणारं सगळं या वेळी बोलता येतं. जात्याला त्या देव म्हणतात, कधी जिवाभावाची सखी. सासर, माहेर, भाऊ, लेक, पंढरपूर, आणि या सगळ्यांच्या मधून सीता.

मुळशी आणि मावळ हे पिंपरी-चिंचवडच्या अगदी शेजारचे तालुके. तिथल्या डोंगरी गावांत १९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर काम करताना ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून अधिक गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची आणि संगणकीय नोंदीची बाजू सांभाळली. आता हा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या माध्यमातून ऐकता येतो.

या ओव्यांमधली सीता वाल्मीकीच्या सीतेहून निराळी आहे. युद्ध आणि लंकादहन इथे मागे पडतं. मन रेंगाळतं ते वनवासात, आणि तोही दुसऱ्या वनवासात, रामाने गरोदर बायकोला रानात सोडलं त्या वनवासात. मराठी लोककथेत या त्यागामागे सासू आहे. कैकेयी सीतेला रावणाचं चित्र काढायला सांगते. सीतेने तर त्याच्या पायाचा अंगठाच पाहिलेला असतो. ती तेवढाच काढते. उरलेला रावण कैकेयी पुरा करते आणि रामाला दाखवते. एक राजकीय महाकाव्य इथे घरातल्या कपटाची कहाणी होतं. सासरी नांदणारी प्रत्येक बाई ती आतून जाणते.

याहून धीट कल्पना आणखी एक आहे. सीतेला इतका सासुरवास झाला की तो तिच्या एकटीच्या पदरात मावेना, म्हणून तिने तो घरोघरच्या बायकांना वाटून दिला. राज्य, गादी, वंश यांचा वारसा पुरुषांकडे जातो. बायकांकडे आला तो सीतेच्या दुःखाचा वाटा. देवीपुढे हात जोडण्याऐवजी या बायका तिला आपल्या शेजारी जात्यावर बसवतात आणि रामाला सरळ बोल लावतात. डॉ. तारा भवाळकर यांनी आयुष्यभर या सामग्रीचा अभ्यास केला. त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘सीतायन: वेदना-विद्रोहाचे रसायन’. २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या ९८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी केलेला विचार हा विचारच असतो, ही गोष्ट त्यांनी सातत्याने मांडली.

छापील मराठीत हा आवाज १८८२ मध्ये उमटला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला झालेली शिक्षा आणि त्यानंतर वर्तमानपत्रांनी सगळ्याच बायकांवर उठवलेली झोड, यांनी त्या पेटून उठल्या होत्या. पुस्तकात त्या केवळ समाजाला जाब विचारत नाहीत, त्या काळच्या कथा-नाटकांनाही विचारतात. ‘मंजुघोषा’सारख्या लोकप्रिय कादंबरीची नाव घेऊन झडती घेतात. सगळे दुर्गुण बायकांच्या माथी मारणारे लेखक पुरुषांचे गुन्हे का सांगत नाहीत, हा त्यांचा रोख. पान जिनल्यानबद्दल आज चिनी अभ्यासक जे बोलतात, ते ताराबाईंनी मराठी कथांबद्दल तेव्हाच बोलून ठेवलं. पुस्तकावर टीका झाली, ते विस्मरणात गेलं, आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा वाचकांपुढे आणलं. दरम्यान इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ १९६७ मध्ये आलं होतं. गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे माणूस म्हणून पाहणाऱ्या या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आंबेठाणची वाट

चाकणच्या शेजारी आंबेठाण आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातली टपालसंघटनेची नोकरी सोडून आलेल्या शरद जोशींनी इथे कोरडवाहू जमीन घेतली आणि शेती सुरू केली. त्यांच्या शेतकरी संघटनेची पहिली मोठी लढाई झाली ती चाकणच्या कांद्यावरून. १९८० च्या सुमारास पुणे-नाशिक रस्ता शेतकऱ्यांनी अडवला, तेव्हा चाकणचं नाव देशभर गेलं. मोटारींचे कारखाने नंतर आले.

याच चळवळीने नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. लाखोंच्या संख्येने बायका आल्या. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली: शेतकऱ्याने जमिनीचा एक भाग आपल्या बायकोच्या नावावर करून द्यावा. ही मोहीम गावोगाव पोचवताना जोशींनी आधार घेतला सीतेच्या गोष्टीचा. घरातून काढून दिल्यावर जिच्याकडे पाय टेकायला जमीन नव्हती, अशी सीता. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावणं म्हणजे तिला दुसऱ्या वनवासाची भीती उरू न देणं.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी नावाचं गाव आहे. तिथे एकट्या सीतेचं देऊळ आहे. राम शेजारी नाही. गावात कथा सांगतात ती अशी: टाकलेली सीता लव-कुशांना घेऊन इथे राहिली. बाळंतिणीने मूठभर गहू मागितले, गावाने दिले नाहीत, आणि तिने शाप दिला की या शिवारात गहू पिकणार नाही. शरद जोशींच्या पुढाकाराने या देवळाचा जीर्णोद्धार झाला. नवऱ्याने टाकल्यावर स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या बायकांचा तिथे सन्मान केला जाऊ लागला. ज्या कथेत सीता फक्त सोसते, त्या कथेला या गावाने असा शेवट जोडला: सीतेला रागवायचा हक्क आहे, आणि तिच्या शब्दाने शेत नापीक होऊ शकतं.

पोस्टकार्ड आणि पाळी

१९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी पुढे टाटा मोटर्स झालेल्या टेल्को कंपनीची जाहिरात पाहिली. इंजिनिअर हवेत, स्त्रियांनी अर्ज करू नये, असा तिचा आशय होता. त्यांनी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि त्या पुण्यातल्या टेल्कोच्या कामाला लागलेल्या पहिल्या महिला इंजिनिअर ठरल्या. पुढे सुधा मूर्ती या नावाने सगळ्यांना माहीत झाल्या. ज्या कारखान्याच्या दारावर बाईला मनाई होती, त्याच टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी गाड्या जोडणाऱ्या महिलांच्या लाइनवर १,५०० हून अधिक जणी काम करू लागल्या. चाकणला बजाज ऑटोने २०१६ मध्ये आणलेल्या डॉमिनार मोटारसायकलची जुळवणीही महिलांच्या हाती सोपवली.

१९४८ च्या कारखाना कायद्याने बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच काम करायची मुभा दिली होती. रात्रपाळीचं दार तिच्यासाठी बंद होतं. पुढे महाराष्ट्राने अटी घालून ते उघडलं. भोसरी, चाकण, म्हाळुंगेच्या रस्त्यांवर आता पाळी बदलताना कंपन्यांच्या बस थांबतात, आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या, गळ्यात ओळखपत्र घातलेल्या मुली उतरतात. खेड, मावळ, जुन्नरच्या वस्त्यांवरच्या कितीतरी जणी त्यात असतात. त्यांच्या आज्या पहाटे जात्याला बसत. गावात विजेची गिरणी आली आणि जाती परसात जाऊन पडली. दळणाबरोबर ओवीही थांबली, म्हणून वेळेवर झालेल्या नोंदींना एवढं मोल.

अशा एखाद्या मुलीने ‘द वॉटर आउटलॉज’ मराठीत वाचली तर तिला काय वाटेल, याचा विचार करावासा वाटतो. नेमलेलं काम चोख करणारी, वरिष्ठांना उलट न बोलणारी, नियमांवर विश्वास असणारी शस्त्रशिक्षिका. बंद दाराआडचा प्रसंग. नंतर तिच्याच चारित्र्यावर आलेला आरोप. सोंग घराण्याचा काळ, देवाचे दात, तलवारी हे सगळं परकं असलं, तरी ही वाट तिला नकाशा न पाहता कळेल. भारतात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये झाला. त्याच्या मुळाशी १९९७ चा विशाखा निकाल होता, आणि त्याच्याही मुळाशी राजस्थानातल्या भंवरीदेवींवर झालेला अत्याचार. बालविवाह थांबवायला गेलेल्या या ‘साथिन’ कार्यकर्तीने गप्प बसायला नकार दिला, म्हणून आज चाकणच्या प्रत्येक मोठ्या कारखान्यात तक्रार समिती असावी लागते.

मूळ ‘शुईहू झ्वान’ नेमकी कुणी लिहिली, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. लिनच्या बायकोचं नाव तर कुणी लिहूनच ठेवलं नाही. मुळशी-मावळातून सुरू झालेल्या ओव्यांच्या संग्रहात मात्र ओवीशेजारी गाणारीचं नाव आहे, तिचं गाव आहे, तालुका आहे. सीतेला सासुरवास कसा झाला, हे कुणी सांगितलं, ते तिथे वाचता येतं. मुद्रण ऐकलं की आधी दगडाची घरघर येते, मग तिच्यात मिसळून बाईचा आवाज.